जिप्सी दोन इंच उचलायची, भंगारातल्या पाट्यांवर

सुरुवात टायरच्या हिशेबापासून. मारुती जिप्सीच्या २०५/७० आर१५ टायरचा व्यास ६६८ मिमीच्या आसपास भरतो. त्याजागी २१५/७५ आर१५ चढवला की तो ७०३ होतो, म्हणजे ॲक्सल जमिनीपासून १७-१८ मिमी वर गेला. कंपनीने सांगितलेला ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी आहे, आणि सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू म्हणजे डिफरन्शियलचं पोट, ॲक्सलच्या मधला गिअरचा फुगीर डबा. पाटे (लीफ स्प्रिंग) कितीही उंच केले तरी हे पोट एक मिलिमीटरही वर येत नाही. वर जाते ती चेसिस. नाशिकजवळच्या त्र्यंबक-हरसूल पट्ट्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा जेव्हा खाली खरवडतो, तेव्हा पाट्यांवर केलेला खर्च तिथे काहीच कामाचा नसतो, टायरचा असतो.

मग पाटे उंच करायचे कशासाठी? मोठा टायर पूर्ण वळणावर बंपरला आणि मडगार्डला घासू नये म्हणून. ट्रान्स्फर केसखालचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) क्रॉस मेंबर आणि सायलेन्सर दगडावर बसू नयेत म्हणून. नाल्यात उतरताना पुढचा बंपर मातीत रुतू नये म्हणून. एवढ्याला ५० मिमी पुरतात. त्याच्या पुढे गेलात की प्रत्येक सेंटिमीटरमागे एक नवीन दुखणं विकत घ्यावं लागतं.

इथलं सगळं चारही कोपऱ्यांत पाटे असलेल्या जिप्सीसाठी आहे, मॉडेल एमजी४१० असो वा एमजी४१३डब्ल्यू. मारुतीच्या जिम्नीला पाटेच नाहीत, कॉइल आहेत. इथला एकही आकडा तिला लावू नका.

पाच इंचांचा मोह

जिप्सीचं हाउसिंग, म्हणजे ॲक्सलची जाड नळी, पाट्यांच्या वर बसलेलं असतं. ते पाट्यांच्या खाली घेतलं, म्हणजे हाउसिंगवर नव्या बैठका वेल्ड करून पाटे वरून बसवले, की एका फटक्यात पाच इंच मिळतात आणि नवीन पाटेही लागत नाहीत. म्हणूनच हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो. पण तसं केल्यावर प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसकडून ॲक्सलकडे जोर नेणारे दांडे) तोकडे पडतात, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होऊन प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग स्वतः वळतं, ब्रेकचे होज ताणले जातात आणि लो गिअरमध्ये जोर लावला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात. हाउसिंगवरचं वेल्डिंग चुकलं तर नळी वाकते आणि आतल्या, चाक फिरवणाऱ्या हाफ शाफ्टचे ऑइल सील महिन्या-दोन महिन्यांत गळायला लागतात. फक्त खडकावर चालणाऱ्या गाडीसाठी ते ठीक. सिन्नरला जाऊन परत यायचं असेल त्या गाडीसाठी नाही.

आपली वाटणी अशी: ३० मिमी पाट्यांतून, २० मिमी शॅकलमधून (पाट्याचं एक टोक चेसिसला टांगणारी झुलती जोडपट्टी). सगळं बोल्टावर, चेसिसला कुठेही गॅस लावायचा नाही, काढलेला मूळ संच तेल लावून जपून ठेवायचा.

त्यामागे कायद्याचंही कारण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची असेल तर पाना हातात घेण्याआधी नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. परवानगी नसेल तर ही गाडी शेतावरची किंवा खासगी ट्रॅकची, असं समजून चला.

भंगारात काय उचलायचं

पोलाद जुनं चालतं. रबर, बोल्ट आणि तेल धरणारी वस्तू जुनी चालत नाही. म्हणजे पाटे, शॅकलच्या पट्ट्या, ब्रॅकेट, बंप स्टॉपचे (ॲक्सलला वर आदळण्यापासून अडवणारा रबरी ठोकळा) पत्रे भंगारातून घ्या. यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारा), सेंटर बोल्ट (पाटे मध्ये एकत्र धरणारा), बुश, ब्रेक होज, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं सांध्याचं टोक) आणि शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) नवे घ्या. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो, दुसऱ्यांदा तीच पकड देत नाही. शॉकअप बाहेरून चकाचक दिसला तरी आतलं सील गेलेलं असतं.

अंबड-सातपूर लिंक रोडवरचा मोठा भंगार बाजार महापालिकेने २०१७ च्या जानेवारीत उठवला, त्यामुळे एकाच फेरीत सगळं मिळेल असं धरून चालू नका. पाट्यांची खरी पारख ट्रकवाल्यांच्या वस्तीत असते. ‘कमान पाटा’ अशी पाटी लावलेली दुकानं द्वारका आणि आडगावच्या ट्रक टर्मिनलच्या बाजूला शोधा. जुने पाटे किलोवर मागा, नगावर नाही, आणि बिल घ्या.

बरोबर टेप, व्हर्नियर कॅलिपर, वायर ब्रश आणि खडू ठेवा. जिप्सीचा पाटा ५० मिमी रुंद आहे. रुंदी जुळत नसेल तर पाटा कितीही चांगला दिसो, खाली ठेवा. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपचे पाटे पावणेदोन इंची, म्हणजे साडेचव्वेचाळीस मिमी. ते क्लिपमध्ये आडवे सरकतात आणि शेजारच्या पाट्याला कड घासून खाच पाडतात. पिकअपचे रुंद पाटे यू-बोल्टात मावतच नाहीत, आणि त्यांच्या कडा घासून अरुंद करणं हा वेडेपणा आहे. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्या जिप्सीचाच संच. लिलावात सुटलेल्या लष्करी जिप्सी तोडल्या जातात, त्यांचे पाटे दबून बसलेले, सपाट झालेले असले तरी रुंदी, जाडी आणि सेंटर बोल्टचं छिद्र तंतोतंत जुळतं.

जाडीवर सगळ्यात जास्त लोक फसतात. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिमीच्या पाट्याजागी ८ मिमीचा घातला तर तो १.३३ पट नाही, २.३७ पट कडक होतो. म्हणजे ‘एकच तर जास्तीचा पाटा टाकला’ म्हणताना प्रत्यक्षात जवळजवळ अडीच पाटे टाकले जातात. गाडी वर जाते खरी, पण हजार किलोच्या आसपासच्या या हलक्या गाडीचं मागचं चाक रिकाम्या गाडीत प्रत्येक स्पीडब्रेकरला हवेत उडतं. जास्तीचा पाटा मूळ पाट्याइतका किंवा त्याहून किंचित पातळ असावा, जाड कधीच नको.

आता तडा. पाटा सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी आणि डोळ्याच्या (टोकाची गोल वळवलेली कडी) वळणापाशी चिरतो, आणि गंजाखाली चीर दिसत नाही. तो वायर ब्रशने पांढरा होईपर्यंत घासा. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा, दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्याने अगदी खडखडीत पुसून काढा. त्यावर खडू आडवा धरून सगळीकडे पांढरं करा आणि दुसऱ्या टोकाला हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल खडूवर केसासारखी करडी रेघ उमटवतं. छिद्रातून कडेकडे जाणारी अशी रेघ दिसली की पाटा परत ढिगात. वेल्डिंग केलेला पाटा तर हातातही घेऊ नका. स्प्रिंगच्या पोलादावर वेल्ड लागला की त्याच्या शेजारची जागा काचेसारखी ठिसूळ होते.

टोकं बघा. वरचा पाटा खालच्यावर घासून टोकापाशी खड्डा पडतो. तिथली जाडी मधल्या जाडीपेक्षा १ मिमीहून जास्त कमी असेल तर सोडून द्या.

शेवटी कमान. एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणून मध्यावर पाट्यापर्यंतचं अंतर मोजा. डाव्या-उजव्या जोडीत फरक ५ मिमीच्या आत हवा. जोडी एकाच गाडीची असेल तर बहुतेक जुळते.

कमान किती वाढवायची

गाडी जमिनीवर उभी असताना आणि संच काढून ठेवल्यावर, अशा दोन्ही वेळा मूळ संचाची कमान दोरीने मोजा. समजा, वजनाने तो ८० मिमी दबतो. एका पाट्याने संचाचा कडकपणा २० टक्के वाढला तर तो आता ६७ मिमीच दबेल. म्हणजे कमान अजिबात न वाढवता १३ मिमी मिळाले. उरलेले १७ मोकळ्या कमानीतून काढायचे. म्हणून नव्या संचाची मोकळी कमान जुन्यापेक्षा १५ ते २० मिमी जास्त ठेवा, ५० नाही. हा हिशेब न करता पूर्ण दोन इंच कमानीतूनच काढायला गेलं की गाडी तीन इंच वर जाते आणि शॅकल आत ओढली जाते.

जुना पाटा बसलेला असेल तर कमानवाल्याकडून ठोकून घ्यावा लागतो. काम थंडच व्हायला हवं. चांगला कारागीर पाटा दोन आधारांवर ठेवतो, मध्यापासून टोकाकडे जातो, ठोके इंच-इंच अंतरावर आणि सारख्या जोराचे पडतात, दर फेरीला मूळ पाट्यावर ठेवून बघतो. भट्टीत लाल करून वाकवून देणारा काम लवकर उरकतो, पण हवेत गार झालेल्या पाट्याचं पाणी उतरलेलं असतं. तो पाटा दोन पावसाळ्यांऐवजी दोन महिन्यांत सपाट होतो. लाल केलाच तर तेलात विझवून पुन्हा ठरावीक तापमानाला टेंपर करावा लागतो, आणि त्यासाठी तापमान मोजणारी भट्टी हवी. सातपूर-अंबडच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये ती असते, रस्त्याकडेच्या कोळशाच्या भट्टीला मीटर नसतो.

जास्तीचा पाटा मेन पाट्याच्या (डोळे असलेला, सगळ्यात लांब) लगेच खाली, दुसऱ्या क्रमांकावर घाला. लांबी मेन पाट्याच्या डोळ्यांच्या अलीकडे ४०-५० मिमी थांबेल एवढी. त्याखालचे पाटे पायरी-पायरीने आखूड होत जायला हवेत. दोन पाटे एकाच लांबीचे आले तर त्यांच्या टोकापाशी सगळा ताण एकवटतो आणि मेन पाटा तिथेच तुटतो. लांबी कमी करायची तर ग्राइंडरच्या कटिंग डिस्कने, मध्ये पाणी मारत. गॅस कटर नको. कापलेल्या टोकाचे कोपरे तिरपे करा आणि खालची धार कानशीने मोडा.

संच उघडताना सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प लावल्याशिवाय नटला पाना लावू नका. आवळलेला संच सुटला की पाटा उसळून थेट हनुवटीवर येतो. जुळवताना प्रत्येक पाट्याच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात फिरवा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात कोरडे पाटे गंजून एकमेकांना चिकटतात आणि मग संच एकाच जाड पट्टीसारखा वागतो. नव्या सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या बैठकीतल्या छिद्रात घट्ट बसतं ना, ते आत्ताच बघा. डोकं लहान असेल तर ॲक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी धावते.

शॅकल

शॅकल जेवढी लांब कराल त्याच्या निम्मी उंची मिळते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. २० मिमीसाठी दोन छिद्रांमधलं अंतर मूळपेक्षा ४० मिमी जास्त. ४० बाय १० मिमीच्या फ्लॅट पट्टीतून आठ पट्ट्या लागतील. छिद्रं ड्रिल मशिनवर, चारही जोड्या एकत्र क्लॅम्प करून पाडा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बुशला तिरकं दाबतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये आडवा तुकडा असू द्या, नाहीतर आडव्या उतारावर शॅकल लचकते आणि गाडी डुलते.

इथे एक गोम आहे. जिप्सीची पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ते टोक ४० मिमी खाली गेलं आणि पाटा ९०० मिमी लांब धरला तर ॲक्सल सुमारे अडीच अंश फिरतो, वरची बाजू पुढे झुकते. कास्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, मुळात साडेतीन अंशांच्या आसपास, तो उरला एक अंश. मग वळणानंतर स्टिअरिंग स्वतः सरळ होत नाही आणि हायवेवर गाडी भटकते. उपाय म्हणजे पाटा आणि हाउसिंगची बैठक यांच्यामध्ये अडीच अंशांची पाचर, जाड बाजू पुढे. पाचर लोखंडाची, सेंटर बोल्टच्या डोक्यासाठी छिद्र पाडलेली हवी, ॲल्युमिनियमची चिरडते. पाचर लावल्यावर पुढच्या डिफरन्शियलचं तोंड (शाफ्ट जोडायची बाजू) तेवढंच खाली वळतं. पण पुढचा शाफ्ट फोर बाय फोरमध्येच जोर घेतो, तेही कमी वेगात, म्हणून कास्टरला झुकतं माप द्यावं.

मागे शॅकल मागच्या टोकाला असते, तिथे डिफरन्शियलचं तोंड वर वळतं. मागे पाचर घालण्याआधी कोन मोजा, त्याबद्दल पुढे येईलच.

जोडणी

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी, काही सुटं करण्याआधी, सपाट जागी चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहा. ड्रायव्हरची बाजू बहुतेक जिप्सींत ५-८ मिमी बसलेली असते. जास्त कमान असलेला संच तिकडे जाईल.

मागून सुरुवात करा. पुढच्या चाकांना दगड लावा, चेसिस दोन लोखंडी घोड्यांवर (ॲक्सल स्टँड) ठेवा. घोडी चेसिसखाली, ॲक्सलखाली नाही, आणि विटा अजिबात नाहीत. ट्रॉली जॅक ॲक्सलच्या पोटाखाली. शॉकअपचं खालचं टोक सोडा. ब्रेक होजची क्लिप आणि डिफरन्शियलच्या ब्रीदरची (हवा सोडणारी) नळी मोकळी करा. मागे ब्रेकचा एलएसपीव्ही (गाडीतल्या भाराप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची स्प्रिंग काढा. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (बोल्ट लागणारी चकती) आणि योकवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ मारून मग बोल्ट काढा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. आता एका बाजूचे यू-बोल्ट, शॅकल पिन आणि मग पुढचा डोळा. दुसरी बाजू पहिली पूर्ण जोडून झाल्यावर.

नवा संच आधी शॅकल नसलेल्या पक्क्या टोकाला, मग शॅकलमध्ये. बुश दोन अर्ध्या भागांचे रबरी आहेत, साबणाच्या पाण्याने सरकतात. ग्रीस किंवा ऑइल लावलं तर रबर फुगतं. नट हाताने, फक्त धरतील एवढेच. जॅकने ॲक्सल वर घ्या, सेंटर बोल्टचं डोकं छिद्रात पडल्याचं चाचपून बघा, मग यू-बोल्ट. नवे यू-बोल्ट जुन्याच जाडीचे, जास्तीच्या पाट्याच्या आणि पाचरीच्या जाडीएवढे लांब, आणि ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे. हार्डवेअरच्या दुकानातला आटे पाडलेला साधा रॉड वाकवून केलेला यू-बोल्ट पहिल्याच नाल्यात ढिला होतो. चारही नट तिरक्या क्रमाने, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने ६० ते ८० न्यूटन-मीटरपर्यंत.

डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहून, बंपरवर दोन-चार वेळा दाबून झाल्यावरच शेवटचे आवळायचे. घोडीवर असतानाच आवळले तर लोंबत्या अवस्थेत बुश पकडला जातो, गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो आणि काही आठवड्यांत फाटतो. उंची १० मिमी जास्त दिसते, ती खोटी असते.

गाडी खाली आल्यावर शॅकलकडे बघा. ती सरळ किंवा खालचं टोक किंचित बाहेरच्या बाजूला हवी, कारण पाटा दबताना लांब होतो आणि टोकाला बाहेर सरकायला वाव लागतो. खालचं टोक ॲक्सलकडे झुकलं असेल तर कमान जास्त झाली. संच काढून कमी करा. तसंच चालवलं तर चाक लोंबल्यावर शॅकल उलटी होऊन अडकते.

उंची वाढल्यावर बिघडणाऱ्या गोष्टी

प्रोपेलर शाफ्ट. शाफ्ट ६०० मिमीचा आणि दोन टोकांच्या उंचीत आधी १०० मिमी फरक होता असं धरा. तो १५० झाला की लागणारी लांबी ६१० होते आणि कोन साडेनऊवरून सव्वाचौदा अंशांवर जातो. १० मिमी स्लिप जॉइंटमधून (शाफ्टचा लांबी कमी-जास्त होऊ देणारा सांधा) येतात, पण चाक पूर्ण लोंबल्यावर आणखी लागतात. चेसिस घोडीवर, चाकं मोकळी सोडून, स्लिपमध्ये स्प्लाइन (दांड्यावरचे उभे दाते) किती आत उरलेत ते मोजा. मूळ पकडीच्या दोन तृतीयांशाहून कमी असेल तर फ्लँजमध्ये १० ते १५ मिमीचा स्पेसर लेथवर करून घ्या. त्याची मधली कॉलर नीट बसायला हवी, नुसती चकती चालत नाही. कॉलरशिवाय शाफ्ट मध्यापासून सरकतो आणि ५० च्या वेगाला गाडी थरथरते.

कोन मोबाइलमधल्या लेव्हल ॲपने मोजता येतो. एकदा ट्रान्स्फर केसच्या फ्लँजवर, एकदा डिफरन्शियलच्या. दोन्ही एकमेकांना समांतर हवेत, फरक फार तर एक-दोन अंश. मागे तोंड अडीच अंश वर गेलेलं आढळलं तर तिथेही पाचर लावा, यावेळी जाड बाजू मागे.

ब्रेक. चाक पूर्ण लोंबवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, प्रत्येक होजमध्ये बोटभर ढील दिसली पाहिजे. नसेल तर लांब होज घ्या, किंवा होजचा ब्रॅकेट पत्र्याच्या तुकड्यावर ३०-४० मिमी खाली आणा, धातूची नळी हळूच वाकवून. तेलाची नळी उघडली असेल तर हवा काढताना आधी मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक. एलएसपीव्ही असलेल्या गाडीत चेसिस वर गेली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. त्याचा ब्रॅकेट उचललेल्या मापाइतकाच ॲक्सलच्या बाजूने वर घ्या.

स्टिअरिंग. ५० मिमीने ड्रॅग लिंकचा कोन साधारण तीन अंशांनी वाढतो, ते चालतं. फक्त स्टिअरिंगचं चाक वाकडं दिसेल. ते काढून दुसऱ्या स्प्लाइनवर बसवू नका, ड्रॅग लिंकच्या ॲडजस्टरने सरळ करा, नाहीतर एका बाजूला कमी वळेल. मग टो-इन (पुढची चाकं पुढून जितकी आत वळलेली असतात ते माप) २ ते ६ मिमीमध्ये करून घ्या.

बंप स्टॉप. हे सगळे विसरतात. गाडी उचलली तरी पूर्ण दबलेल्या अवस्थेत ॲक्सल पूर्वीच्याच जागी जातो, कारण बंप स्टॉप तिथेच आहे, आणि टायर मात्र मोठा झालाय. म्हणून उभ्या गाडीत भरपूर जागा दिसते आणि खड्ड्यात आदळल्यावर टायर मडगार्डला लागतो. बंप स्टॉपखाली २० ते २५ मिमीचा ठोकळा द्या.

शॉकअपसाठी दोन मापं घ्या: ॲक्सल बंप स्टॉपला टेकलेला असताना दोन माउंटमधलं अंतर आणि पूर्ण लोंबलेला असताना. नव्या शॉकअपची मिटलेली लांबी पहिल्यापेक्षा किमान १५ मिमी कमी, उघडलेली दुसऱ्यापेक्षा १० मिमी जास्त. मूळ शॉकअप ठेवला तर लोंबताना सगळा भार त्याच्या पिनवर येतो आणि ती उपटते.

पुढच्या हाफ शाफ्टची काळजी नको. ते हाउसिंगच्या आत आहेत, गाडी उचलल्याने त्यांचा कोन बदलत नाही.

चाचणी आणि त्यानंतर

पहिली फेरी बंद आवारात, २० च्या वेगाने, दोन जोरदार ब्रेक. मग ४०, मग ६०. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर सुमारे ५ टक्के कमी दाखवतो. काटा ६० वर असेल तेव्हा खरा वेग ६३ असतो.

निघतानाच थरथरत असेल आणि वेग धरल्यावर थांबत असेल तर पाटे मुरडताहेत, यू-बोल्ट बघा. वेग वाढवाल तसं वाढत असेल तर शाफ्टचा कोन किंवा स्पेसर. ब्रेक मारताना एका बाजूला ओढत असेल तर डाव्या-उजव्या संचाची कमान जुळलेली नाही, किंवा होज पिळलाय. ५५-६० ला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना जोरात थडथडत असेल तर गाडी लगेच हळू करा. टायरचा बॅलन्स, टाय रॉड एंड, किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) बेअरिंग आणि मग कास्टर, या क्रमाने शोधा. जुनं किंगपिन बेअरिंग इतके दिवस गप्प असतं आणि उचलल्यावर बोलायला लागतं.

यू-बोल्टचे नट १०० किमीला पुन्हा टॉर्क करा, ५०० किमीला पुन्हा. पहिल्या वेळी ते थोडे फिरतातच, कारण जुळवलेले पाटे एकमेकांवर बसतात. उंची हजार किमीला परत मोजा. पहिल्या आठवड्यात ५ मिमी उतरणं ठीक, १५ उतरली तर कमानवाल्याने पाटा तापवलाय. भातखाचरांच्या चिखलातून आल्यावर पाट्यांमधली माती त्याच दिवशी पाण्याच्या दाबाने काढा. काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते.